नळ आले होते तेव्हा मामा ठीक होते

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत स्ट्रोक हा शब्द कोणी फारसा वापरत नाही, "लकवा मारला" म्हणतात. पुण्याकडचे नातेवाईक फोनवर अर्धांगवायू म्हणतात तेव्हा आमच्याकडची पोरं एकमेकांकडे बघतात की हे नवीन काय. तर मी इथे लकवा, स्ट्रोक, अटॅक सगळं मिसळून लिहिणार आहे, समजून घ्या. आणि एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मी सीटी स्कॅनची टेक्निशियन आहे, चौदा वर्षं झाली, त्यातली निम्मी नाईट ड्यूटीत गेली. म्हणजे लकव्याचा पेशंट आला की त्याच्या डोक्यात काय चाललंय ते घरच्यांच्या आधी आणि कधीकधी डॉक्टरांच्याही आधी माझ्या स्क्रीनवर येतं, पण बोलायचं मला नसतं. आज बोलते.

मागच्या हिवाळ्यात माझे सख्खे मामाच त्या टेबलावर आले. सकाळी सव्वासातला मामी चहा घेऊन गेल्या तर मामांनी उजव्या हाताने कप धरला आणि तो हातातून सुटून पांघरुणावर. मामी ओरडल्या, मामांनी काहीतरी उत्तर दिलं पण ते शब्दच नव्हते, नुसता आवाज, आणि तोंड डावीकडे ओढलेलं. मग घरात जे सगळ्यांकडे होतं तेच झालं. एकजण बीपीची गोळी शोधायला गेला, शेजारचे म्हणाले थोडं झोपू द्या गॅस असेल, कोणीतरी तळवे चोळायला बसलं. मामेभाऊ त्यांना घेऊन आधी जवळच्या नर्सिंग होममध्ये गेला, तिथे सीटी मशीनच नाही, पण ते सांगायच्या आधी त्यांनी फाईल बनवली, ईसीजी काढला, सलाईन लावलं आणि पाऊण तासानंतर म्हणाले मोठ्या हॉस्पिटलात न्या. माझ्याकडे येईपर्यंत साडेआठ वाजून गेले होते.

आमच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी नाव-गाव विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारला, शेवटचं एकदम ठीक कधी बघितलं होतं? मामेभाऊ म्हणाला, रात्री साडेदहाला, जेवून झोपले तेव्हा. डॉक्टरांचा चेहरा पडला, मला कळलं का ते. रात्री साडेदहापासून मोजलं तर दहा तास होऊन गेले आणि रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची मुदत असते साडेचार तास. झोपेत लकवा आला तर घड्याळ झोपल्यापासून मोजतात, उठल्यापासून नाही, कारण नक्की कधी झालं ते कोणालाच माहीत नसतं.

तेवढ्यात मामी मागून म्हणाल्या, "अगं पण आज नळ आले होते ना!"

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नर्मदेचं पाणी येतं, एक दिवसाआड, आणि त्याच्या वेळेवर अख्खी कॉलनी उठते. मामा रिटायर झाल्यापासून मोटर चालू-बंद करायचं खातं त्यांच्याकडे. मामेभावाने लगेच वरच्या भाडेकरूला फोन लावला, तो म्हणाला, हाँ, अंकल ने पौने छह बजे आवाज़ दी थी, टंकी भर गई बोले. मी विचारलं, साफ बोले? तर म्हणाला, एकदम साफ, ऊपर से डाँटा भी कि ओवरफ्लो हो रही है. म्हणजे पावणेसहाला मामांचा हातही चालत होता, जीभही चालत होती आणि रागही येत होता. घड्याळ एका क्षणात दहा तासांवरून तीन तासांवर आलं.

आता हे साडेचार तास आले कुठून ते सांगते, कारण लोकांना वाटतं डॉक्टर काहीतरी नियम दाखवून टाळतात.

लकवा दोन तऱ्हेचा. दहातल्या साधारण आठ जणांना मेंदूला रक्त नेणारी नळी गाठ अडकून बंद होते, बाकीच्यांना नळी फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं गेलेलं. पण इलाज एकदम उलटा. एकाला रक्त पातळ करायचं, दुसऱ्याला तेच दिलं तर जीव जायचा. म्हणून पहिलं काम सीटी, त्यात सांडलेलं रक्त लगेच पांढरं दिसतं. आणि इथेच नेहमीचा गोंधळ होतो, गाठीचा लकवा असेल तर पहिल्या काही तासांत प्लेन सीटी बऱ्याचदा जवळजवळ नॉर्मल दिसतं. घरचे खूश होतात, "सीटी नॉर्मल आलं ना, मग घरी नेऊ का?" अहो नाही! सीटी नॉर्मल आणि हात पडलेला याचा अर्थ बहुतेक नळी बंद आहे आणि मेंदू अजून पूर्ण मेलेला नाही, म्हणजे हीच तर धावपळ करायची वेळ.

१९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ पेशंटवर एक मोठी चाचणी छापून आली. तीन तासांच्या आत अल्टेप्लेज नावाचं गाठ विरघळवणारं औषध दिलं तर तीन महिन्यांनी जवळपास ठणठणीत होण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी वाढते असं त्यात निघालं. पण डोक्यात रक्तस्राव होऊन तब्येत बिघडण्याचं प्रमाणही ०.६ टक्क्यांवरून ६.४ वर गेलं. म्हणून डॉक्टर सही घेतात, उगाच नाही. मग २००८ ला युरोपातल्या चाचणीने मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. फायदा मिनिटागणिक कमी होत जातो आणि रक्तस्रावाची भीती तशीच राहते, म्हणून कुठेतरी रेघ मारावी लागते, ती तिथे मारली.

२००६ मध्ये जेफ्री सेव्हर नावाच्या डॉक्टरांनी हिशोब मांडला की मोठी नळी बंद झाली तर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन मरतात. हा आकडा तुम्ही व्हॉट्सॅपवर वाचला असेल. बरोबर आहे, पण त्यातला "सरासरी" शब्द फॉरवर्ड करताना गळून जातो आणि गेल्या दहा वर्षांतलं सगळं नवीन संशोधन त्या एका शब्दाभोवती फिरतंय.

कसं ते नळावरूनच सांगते. समजा कॉलनीची मेन लाईन चोक झाली. ज्या घराला टाकीच नाही ते अर्ध्या तासात कोरडं. ज्याची टाकी भरलेली आहे ते संध्याकाळपर्यंत चालवेल. आणि ज्याच्या शेजाऱ्याकडे बोरिंग आहे, भिंतीवरून पाईप टाकलाय, ते दोन दिवसही काढेल, पाणी कमी येईल, आंघोळ नाही होणार, पण घर चालू राहील. मेंदूतही तसंच असतं. मुख्य नळी बंद झाली की मधला भाग लवकर मरतो, पण त्याच्या आजूबाजूचा मोठा भाग शेजारच्या बारीक नळ्यांच्या उधारीवर तग धरून असतो, काम बंद, पण जिवंत. हात हलत नाही म्हणून तो भाग मेला असं नसतं. ही उधारी कोणाची किती वेळ चालेल ते प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं. कोणाचं दीड तासात संपतं, कोणाचं पंधरा तास टिकतं.

आणि हे आता फोटोत दिसतं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे नळ्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध, देऊन सीटी अँजिओ केली की नळी कुठे बंद आहे ते दिसतं, परफ्यूजन केलं की मेलेला भाग किती आणि उधारीवरचा किती त्याचा नकाशा येतो. २०१८ ला युरोपातली एक चाचणी आली, ५०३ पेशंट, बहुतेक झोपेतून लकव्यासकट उठलेले, वेळ कोणालाच माहीत नाही. त्यांचा एमआरआय बघितला, एका प्रकारच्या फोटोत डाग उमटलाय आणि दुसऱ्यात अजून उमटला नाही म्हणजे प्रकरण ताजं आहे, मग इंजेक्शन दिलं. तीन महिन्यांनी चांगले राहिलेले ५३ टक्के आणि न दिलेल्यांत ४२. म्हणजे नळ आले नसते तरी मामांसाठी दुसरा रस्ता होता, पण त्याला एमआरआय लागतो, त्यात अजून वेळ जातो आणि रात्री-पहाटे एमआरआय चालू असेलच असं प्रत्येक गावात नाही. मामींची आठवण एमआरआयपेक्षा फास्ट निघाली.

मामांच्या प्लेन सीटीत रक्त नव्हतं. पण डाव्या बाजूला, मेंदूच्या मधल्या मोठ्या नळीच्या जागी, एक बारीक पांढरा धागा दिसत होता, तांदळाच्या लांब दाण्याएवढा. तीच गाठ. मी हजारदा बघितलाय तो धागा, पण त्या दिवशी माउसवरचा हात थरथरला हे खरं. उजवं अंग आणि बोलणं दोन्ही गेलं होतं तेव्हाच डावी बाजू असणार हे माहीत होतं, तरी दिसणं वेगळं.

इंजेक्शन कोणतं दिलं ते पण सांगते कारण इथे मोठा बदल झालाय. जुनं अल्टेप्लेज द्यायचं म्हणजे थोडं आधी शिरेत आणि बाकीचं तासभर पंपावर हळूहळू, तेवढ्यात पेशंटला हलवायचं तर पंप घेऊन पळा. नवीन टेनेक्टेप्लेज हे त्याचंच सुधारलेलं रूप, तीन ठिकाणी बदल केलेलं, शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून एकदाच काही सेकंदांत द्यायचं आणि झालं. हार्ट अटॅकमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात होतं, मेंदूसाठी सिद्ध व्हायला वेळ लागला. २०२२ मध्ये कॅनडात जवळपास १६०० पेशंटवर दोन्हींची तुलना झाली, चांगले राहिलेले ३६.९ टक्के विरुद्ध ३४.८, म्हणजे नवीन औषध जुन्यापेक्षा कमी पडत नाही एवढं नक्की झालं. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, स्ट्रोकसाठी त्याला मान्यता दिली. गंमत म्हणजे आपल्याकडे पुण्यात बनणारं टेनेक्टेप्लेज त्याच्या कितीतरी आधीपासून स्ट्रोकमध्ये वापरतायत.

पण मोठ्या नळीतली अशी गाठ नुसत्या इंजेक्शनने विरघळेलच असं नाही, बरेचदा नाहीच विरघळत. मग कॅथलॅब. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालतात, ती छातीतून मानेतून थेट मेंदूपर्यंत नेतात, पुढे जाळीसारखं स्टेंट उघडतात, गाठ त्यात अडकते आणि मग अख्खं ओढून बाहेर. किंवा नुसतं खेचून घेतात, पंपाने. याला थ्रॉम्बेक्टोमी म्हणतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखंच, असं सोपं करून नातेवाइकांना सांगतात, पण तिथे नळी उघडून स्टेंट तिथेच ठेवून येतात, इथे गाठीसकट परत आणायचं असतं.

या तंत्रावर आधी शंका होत्या, २०१३ पर्यंतच्या चाचण्या फसल्या होत्या. मग नेदरलँड्समध्ये ५०० पेशंटवर झालेली चाचणी २०१५ च्या सुरुवातीला छापून आली, स्वतःच्या पायावर उभे राहिलेले ३२.६ टक्के आणि नुसत्या औषधांवर १९.१. त्याच वर्षी पाठोपाठ आणखी चार चाचण्या, सगळ्यांचा कौल तोच. पाचही मिळून १२८७ पेशंटचा हिशोब केला तेव्हा निघालं की साधारण अडीच-तीन जणांची गाठ काढली की त्यातल्या एकाचं अपंगत्व निदान एक पायरी तरी कमी होतं. वैद्यकात हा आकडा भलताच चांगला आहे, आपण रोज खातो त्या कितीतरी गोळ्यांत शंभरात एकाला फायदा झाला तरी लोक नाचतात.

पायरी म्हणजे काय? या सगळ्या चाचण्यांत शून्य ते सहा अशी एक पट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीच झालं नव्हतं असा, दोन म्हणजे काही गोष्टी जमत नाहीत पण स्वतःचं स्वतः करतो, चार म्हणजे धरल्याशिवाय चालता येत नाही, पाच म्हणजे अंथरुणावर, सहा म्हणजे गेला. डॉक्टर "नव्वद दिवसांनी बघू" म्हणतात ते या पट्टीवर. चार आणि तीन मधला फरक कागदावर एकाचा आहे, घरात तो फरक म्हणजे मामींना रात्री उठून संडासात न्यावं लागतं की नाही.

मग आली खरी उलथापालथ. २०१८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोन चाचण्या छापून आल्या, एकीत ६ ते २४ तासांनी आलेले पेशंट, दुसरीत ६ ते १६ तास. फोटोत मेलेला भाग छोटा आणि उधारीवरचा मोठा, असेच निवडून घेतले होते. पहिलीत गाठ काढलेले ४९ टक्के स्वावलंबी झाले, न काढलेले १३. दुसरीत ४५ आणि १७. दोन्ही चाचण्या मधेच थांबवल्या, फायदा स्पष्ट दिसत होता म्हणून.

इथे मला थोडं चिडून लिहावं लागतंय, कारण ही बातमी आमच्याकडे "आता लकव्याला चोवीस तास मिळतात" अशी पोचली. परवाच एकजण मला म्हणाला, दीदी, अब तो चौबीस घंटे का टाइम है ना! अहो, ते ४९ टक्के अशा लोकांतले आहेत ज्यांच्या शेजारी बोरिंग होतं. ज्यांची टाकी अर्ध्या तासात संपली ते या चाचणीत आलेच नाहीत, त्यांना दारावरूनच परत पाठवलं होतं. सोळा तासांनी तुमच्या वडिलांच्या डोक्यात काय उरलं असेल ते घरी बसून कोणीही सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही, फोटो काढल्याशिवाय. चोवीस तास हा उशीर झालेल्यांसाठी उघडलेला मागचा दरवाजा आहे आणि लोक त्याचा आरामात यायचा परवाना समजतात.

तसंच पुढे २०२२ ते २०२४ मध्ये ज्यांचा मेलेला भाग आधीच मोठा आहे अशांवरही चाचण्या झाल्या. पूर्वी अशांना हात लावत नसत. अमेरिका आणि इतर देशांतल्या एका चाचणीत गाठ काढल्यावर २० टक्के स्वावलंबी झाले, न काढता ७. म्हणजे फायदा तिप्पट, पण शंभरातले ऐंशी तरीही दुसऱ्यावर अवलंबून किंवा गेले. बातमीत "तिप्पट" छापतात, घरच्यांना ते ऐंशी सांगायला लागतात. आणि सगळीकडे तार घालून भागत नाही हेही कळलं, २०२५ ला दोन चाचण्यांत मेंदूच्या लहान, टोकाकडच्या नळ्यांतली गाठ काढून बघितली, काही खास फायदा निघाला नाही. मला अशा फसलेल्या चाचण्या छापल्या जातात याचंच बरं वाटतं, नाहीतर प्रत्येक कॅथलॅबमध्ये उगाच तारा घातल्या गेल्या असत्या आणि बिल घरच्यांनी भरलं असतं.

धार, खरगोन, खंडव्याकडून येणाऱ्या पेशंटांचं काय, हा प्रश्न राहतोच. ज्या ठिकाणी कॅथलॅब नाही आणि साडेचार तास उलटलेत? चीनमध्ये याच प्रश्नावर चाचणी झाली, २०२४ ला छापली, ५१६ पेशंट, मोठी नळी बंद, थ्रॉम्बेक्टोमीची सोय नाही, साडेचार ते चोवीस तास झालेले, पण फोटोत वाचवण्यासारखं काही शिल्लक. त्यांना टेनेक्टेप्लेज दिलं, जवळपास ठीक झालेले ३३ टक्के, न दिलेल्यांत २४. डोक्यात रक्तस्राव ३ टक्के विरुद्ध पाऊण टक्का. शंभरात नऊ जण जास्त बरे आणि दोघांना जास्त धोका, असा सौदा. आपल्या छोट्या गावांसाठी ही चाचणी मला सगळ्यात कामाची वाटते, पण अडचण तीच, असा फोटो काढायचं मशीन आणि तो वाचणारा माणूस तिथे हवा.

आता बीपीच्या गोळीबद्दल, कारण मामांच्या घरीही तीच शोधत होते. लकवा आला, बीपी २०० निघालं, घरचे घाबरून गोळी देतात, कधी जिभेखाली. चीनमध्ये २४०४ पेशंटवर ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवून बघितलं, सीटीच्या आधी, गाठ आहे की रक्त ते माहीत नसताना. २०२४ ला निकाल आला, एकूण फायदा शून्य. आत डोकावलं तर कळलं की ज्यांना रक्तस्राव होता त्यांना फायदा झाला आणि ज्यांना गाठ होती त्यांचं नुकसान झालं, दोन्ही एकमेकांत जिरले. नळ बंद असताना शेजाऱ्याच्या बोरिंगचा प्रेशर पण तुम्ही कमी केला तर उधारीवरचं घर कोरडं पडणारच ना. म्हणून घरी बीपीची गोळी नाही, ॲस्पिरिन पण नाही, पाणी-चहासुद्धा नाही, कारण गिळणं बिघडलेलं असतं आणि चहा सरळ फुप्फुसात जातो.

रक्तस्रावाच्या लकव्याला इतकी वर्षं "बघू काय होतं" एवढाच इलाज होता. २०२३ मध्ये दहा देशांत, भारत त्यात होता, ७०३६ पेशंटवर एक साधी गोष्ट करून बघितली, तासाभरात वरचं बीपी १४० च्या खाली, शुगर ताब्यात, ताप उतरवायचा, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर त्याचा उतारा. कुठलंही नवं औषध नाही, सगळं एकत्र आणि वेळेत केलं एवढंच. निकाल सुधारले. पण ते हॉस्पिटलात, सीटी झाल्यावर.

आमच्या भागात अजून एक रस्ता आहे तो लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नीमचजवळ भादवा माता, तिकडे राजस्थानात नागौरकडे बुटाटी धाम, दोन्ही लकव्याची ठिकाणं म्हणून प्रसिद्ध, आमच्या शेजारच्या काकू स्वतः जाऊन आल्यात. लोक बरे होऊन येतात हे खरंच आहे, मी नाकारत नाही. लकव्यानंतर पहिले काही आठवडे ते तीन-चार महिने मेंदू स्वतःच बरंच परत मिळवतो, सूज उतरते, आजूबाजूचे भाग काम शिकून घेतात, आणि माणूस तिथे नेमका त्याच दिवसांत जातो, रोज परिक्रमा म्हणजे चालणं पण होतं. श्रद्धेला माझा हात जोडून नमस्कार. फक्त आधी सीटी, मग माता. मातेकडे मुदत नाही, माझ्या मशीनपाशी आहे.

व्यायामाचंही उलटसुलट कळलंय. २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत २१०४ पेशंटना पहिल्या चोवीस तासांतच उठवून खूप चालवलं, वाटलं होतं लवकर सुधारतील, झालं उलटं, चांगले राहिलेले ४६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीने उठवलेले ५०. म्हणजे पहिल्या दिवशी "बाबा उठा, हिंमत धरा" करून ओढू नका. आणि आपल्या भारतात १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर घरच्यांना फिजिओ शिकवून बघितला, २०१७ ला छापलं, काही फरक नाही, दोन्हीकडे ४७ टक्के गेले किंवा परावलंबी राहिले. वाचून आधी वाईट वाटलं. मग वाटलं आपल्याकडे घरचे शिकवल्याशिवायही चोवीस तास लागलेलेच असतात, त्यावर थोडं ट्रेनिंग देऊन किती फरक पडणार, हे माझं मत आहे, चाचणीचं नाही.

मामांबद्दल नंतर अजून एक गोष्ट कळली. महिनाभर आधी सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाताना त्यांचा उजवा हात पाच-सात मिनिटं बधिर झाला होता, चमचा पडला, मग सगळं ठीक. मामांनी कोणालाच सांगितलं नाही. हा मिनी स्ट्रोक, नळी बंद होऊन आपोआप उघडलेली. चीनमध्येच २०१३ ला ५१७० पेशंटवर दाखवलंय की अशा वेळी चोवीस तासांत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी दोन्ही औषधं सुरू केली, एकवीस दिवस, तर नव्वद दिवसांत पुन्हा स्ट्रोक येणारे ११.७ वरून ८.२ टक्क्यांवर येतात. अर्थात सीटी करून, डॉक्टरांनी सांगितल्यावर. पाच मिनिटांत बरं झालं म्हणून लोक विसरतात, खरं तर तेवढी स्वस्त सूचना परत मिळत नाही.

मामांना नऊ वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन मिळालं, पाऊण तासात कॅथलॅबमध्ये घेतलं, गाठ निघाली. मी काचेपलीकडून बघत होते, शेवटच्या फोटोत डावीकडचं काळं झाड पुन्हा फांद्यांसकट उमटलं. संध्याकाळी उजवा पाय हलला, हात चौथ्या दिवशी. आज पट्टीवर दोन. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, सही बदलली म्हणून बँकेत दोन चकरा झाल्या.

बोलणं मात्र मजेशीर पद्धतीने परतलं. आधी हिंदी आली, मराठी मागाहून, आणि दोन आठवडे तर वाक्य हिंदीत सुरू होऊन मराठीत संपायचं, मामी म्हणाल्या यात नवीन काय, इंदूरात सगळेच असं बोलतात. पण यावर पण काम झालंय, हैदराबादला, ६०८ स्ट्रोकच्या पेशंटवर, २०१६ ला छापलं, डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या टीमने. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्क्यांची विचारशक्ती स्ट्रोकनंतर नॉर्मल राहिली, एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६. बोलणं जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच, म्हणजे भाषा वाचत नाही, डोकं वाचतं. रोज दोन भाषांमध्ये उड्या मारून मेंदूला आडवळणाने जायची सवय लागते असा त्यांचा अंदाज. घरात मराठी, दुकानात हिंदी, भांडणात मालवी, आमची पुण्याची नातेवाईक मंडळी आमच्या मराठीला हसतात त्यांना मी हा आकडा पाठवलाय.

आता एक दिवसाआड नळ मामीच भरतात, मामांना पहाटे उठू देत नाहीत. ते पलंगावरून ओरडतात, "मोटर! मोटर!" हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच, पहिल्या आठवड्यातच परत आला होता.